धनी, कारभारी आणि करार



आजचा विषय अर्थशास्त्राचा असला, तरी ज्याने शेत वाट्याने लावले आहे त्याला तो पुस्तकावाचून ठाऊक असतो. मालक परगावी, शेत वाटेकऱ्याच्या हाती. पीक कमी आले. ते पाऊस कमी पडला म्हणून की खुरपणी कमी झाली म्हणून, हे वाटेकरी जाणतो, मालक जाणत नाही. काम सोपविणारा धनी आणि काम करणारा कारभारी यांच्यातील या अंतराचे शास्त्र १९७० नंतर नीट बांधले गेले. करारांवरील अशाच अभ्यासासाठी ऑलिव्हर हार्ट आणि बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सार्वजनिक कारभारात हे अंतर फारच वाढते. येथे धनी आपण सारे. पण आपण आणि काम यांच्यामध्ये प्रतिनिधी, अधिकारी, मक्तेदार अशी उतरंड उभी असते.

इतिहासात पाहा. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती इजाऱ्याने दिल्या जात. जो अधिक रक्कम कबूल करील, त्याची मामलत. पुढे दुसऱ्याने बोली चढविली की ती हातची जाई. मग विहीर, बांध आणि रयतेची ऐपत यांची चिंता मामलतदाराने कशाला वाहावी? एल्फिन्स्टनने आपल्या १८१९ च्या अहवालात या पद्धतीचे दुष्परिणाम नोंदविले आहेत. माणसे वाईट होतीच असे नव्हे. करार वाईट होता. त्यात वसुली होती, रयत नव्हती.

आता आपल्या तहानेकडे या. दुष्काळात टँकरचा मक्ता खेपांच्या हिशेबाने दिला, तर खेपा वाढतील. टाकी पुरती भरली होती काय, पाणी पिण्याजोगे होते काय, शेवटच्या वस्तीवर ते पोचले काय, हे खेपांच्या आकड्यात उमटत नाही. जे मोजून पैसे मिळतात तिकडे हात वळतात. जे मोजले जात नाही ते मागे पडते. होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रॉम यांनी १९९१ साली हेच गणिताने दाखविले. यावर कोणी म्हणेल, आणखी तपासनीस नेमा. पण तपासनीसही कारभारीच. त्याच्यावर कोण?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आपल्या गावाशेजारीच आहे. औंध संस्थानच्या काळात वसलेली, पुढे सरकारी तुरुंग खात्याकडे आलेली स्वतंत्रपूरची वसाहत आपण सारे जाणता. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागे तीच आहे, आणि त्याची कथा आपल्या माडगूळकरांची. तेथे भिंत नाही; कैदी कुटुंबासह राहतो, शेती करतो. हा आंधळा विश्वास नव्हे. माणूस पारखून घेतलेला असतो, घरसंसार त्याच्याजवळ असतो, आणि विश्वास मोडला तर बंद तुरुंगाची वाट असते. पळून जाण्यात त्याचे स्वतःचेच नुकसान आहे. म्हणून भिंतीचे काम कमी होते.

हार्ट यांनी दोन सहकाऱ्यांसह १९९७ साली जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात उदाहरण तुरुंगाचेच घेतले आहे. तुरुंग खाजगी मक्त्याने दिला, तर खर्चात वाचेल तो मक्तेदाराचा नफा. कैद्याला कसे वागवावे हे करारात पुरते लिहिता येत नाही. म्हणून काटकसर नेमकी तेथेच होते.

तेव्हा विवेक असा हवा. चर खणणे, खडी पसरणे ही मोजता येणारी कामे खुशाल मक्त्याने द्यावीत. रुग्णाची शुश्रूषा, मुलांचे शिक्षण यांसारखी कामे केवळ स्वस्त बोलीवर देऊ नयेत. आणि मोजमाप कोणतेही असो, त्यावर लाभणाऱ्याची सही हवी. ज्या बायांच्या घागरी भरावयाच्या, त्यांच्या सहीवाचून टँकरचे बिल निघू नये. तपासनिसाला पाण्यावाचून राहावे लागत नाही; त्यांना लागते.

ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. औंधच्या १९३९ च्या राज्यघटनेने ग्रामपंचायत हाच कारभाराचा पाया धरला होता. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानेही कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले होते. पण अधिकार कागदावर मिळाला तरी धनीपण आपोआप येत नाही. जो ग्रामसभेस जात नाही आणि मक्त्याचा कागद पाहावयास मागत नाही, तो धनी परगावच्या मालकासारखाच. गावात राहूनही परगावचा. आटपाडीकरांनी तसे राहू नये, एवढेच माझे मागणे आहे.