साळगांवचा चित्रकार

चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १९२४ सालीं गोव्यांतील साळगांवीं झाला. बालपणीं देवींतून ते वांचले, म्हणून कृतज्ञ आईनें त्यांस संत फ्रान्सिस झेवियरचें नांव दिलें. पुढें याच पुत्रानें १९५९ सालच्या ‘क्रुसिफिक्शन’ चित्रांत ख्रिस्त रंगविला तो काळवंडलेला, दांत विचकणारा! मजसारख्या मेढ्याच्या जुन्या शिक्षकास तें प्रथम पाहवेना. पण खिळ्यांनीं ठोकलेला देह गोंडस कसा दिसावा, हा त्या चित्राचा प्रश्न मला अद्याप खोडतां आलेला नाहीं. तारुण्यांत गोव्यांतील दरिद्री कष्टकरी रंगविणाऱ्या, एके काळच्या या कम्युनिस्टाचें १९५५ सालचें ‘बर्थ’ हें चित्र, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनीं, २०१५ सालीं, न्यूयॉर्कच्या लिलांवांत चाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें.