मुठीचे धान्य आणि शाळेचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला शाळेच्या पैशाविषयी दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवी शिकलेल्या बाईने शिक्षणावर काय बोलावे? तर त्या म्हणाल्या, "अहो, शिक्षणावर बोलायला प्राध्यापक आहेत. तुम्ही पैशावर बोला. घरात पैसा पुरवून पुरवून कोण वापरते?" यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून तुमच्यापुढे उभी आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

माझे माहेर माण तालुक्यातले. गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. १९९४ साली मी सातवी पास झाले, वर्गात दुसरी आले. हायस्कूल सात किलोमीटरवर. आता पुष्कळांना वाटते की, वडिलांजवळ फी भरायला पैसे नसतील म्हणून हिची शाळा सुटली. तसे नव्हते. १९८५ च्या सुमारासच राज्याने मुलींची फी माफ केली होती. मला एक रुपयाही फी पडणार नव्हती. तरी माझी शाळा सुटली.

त्या रात्रीचा हिशेब मला अजून तोंडपाठ आहे. वडील ओसरीवर बसून बोटे मोडीत होते. एस.टी.चे भाडे. गणवेश दोन, कारण एक वाळला नाही तर दुसरा पाहिजे. वह्या, कंपासपेटी. पावसाळ्यात गाडी चुकली तर मुलीने थांबायचे कुठे? आणि शेवटी आई हळूच म्हणाली, "पाणी कोण भरेल अन् शेळ्यांमागे कोण जाईल?" धाकट्या भावाला पुढे शिकवायचे ठरलेलेच होते. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांचा हिशेब बरोबर होता. फक्त त्या हिशेबात फी हा रकानाच नव्हता, आणि सरकारने माफ केला होता तो नेमका तेवढाच रकाना. मुलींना मोफत एस.टी. पास देणारी अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना पुढे आली. ती चांगलीच आहे. पण ती आली तेव्हा माझे लग्नाचे बोलणे चालले होते.

तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न आहे, की शाळा चालते ती नक्की कोणाच्या पैशावर? मास्तरांचा पगार कोण देते, खडू कोण आणते, आणि 'मोफत' म्हणतात तेव्हा उरलेले कोणाच्या पदरात पडते? मंडळाच्या वाचनालयातली पुस्तके वाचून आणि चारचौघांना विचारून जे कळले ते सांगते.

हा प्रश्न आपल्याच भागातल्या माणसाने फार पूर्वी विचारला आहे. महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातले. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, खंडाळा तालुक्यातले. दोन्ही गावे आपल्याच जिल्ह्यातली. त्या काळी शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंड वसूल करीत आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी म्हणून ठेवीत. म्हणजे शाळेचा पैसा कुणब्याच्या घामातूनच येई. १८८२ साली हंटरसाहेबांचे कमिशन आले, तेव्हा जोतिरावांनी लेखी निवेदन देऊन सांगितले की, पैसा रयतेकडून घेता आणि खर्च करता वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आधी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. पैसा कोणाचा आणि खर्च कोणावर, हे त्यांनी इतके उघड विचारले. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे बिल १९११ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात आले, ते मंजूर झाले नाही. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले.

आता कर्मवीर भाऊराव पाटलांचे सांगते. त्यांच्याविषयी तुम्हांला ठाऊक नाही असे मी काय सांगणार? पण मला त्यांच्या गोष्टीतला पैसा तेवढा सांगायचा आहे. रयत शिक्षण संस्था निघाली १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे, आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गांधीजींनी, १९२७ साली. एका भांड्यात शिजलेले सगळ्या जातींच्या मुलांनी जेवायचे, ही मोठीच गोष्ट. पण ते भांडे भरायचे कोठून? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. हे सांगताना वक्ते टाळ्या घेतात, मला मात्र वाईट वाटते. एका बाईच्या गळ्यातल्या सोन्यावर वसतिगृह किती दिवस चालणार?

म्हणून मुठीची योजना मला त्याहून मोठी वाटते. दळायला बसण्याआधी बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचे, आणि ते वसतिगृहातल्या मुलांसाठी गोळा व्हायचे. माझी आजी आमच्या गावची हकिकत सांगे. जात्याजवळ एक वेगळे मडके असे. घरात कितीही ओढ असली, तरी एक मूठ त्यात पडायची. ज्वारीची, कधी बाजरीची. एका वर्षी दुष्काळात मूठ टाकायला हात धजेना, तर आजीने मूठ उघडून निम्मी जात्यात टाकली आणि निम्मी मडक्यात. ती स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. तिचे मुलगेही त्या वसतिगृहात नव्हते. ते कोणाच्या मुलांच्या पोटात गेले, हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. त्या मडक्याची पावती नाही, तिचे नाव कोठल्या फळ्यावर नाही.

अशा मुठींचा उपयोग कसा होतो ते १९४८ साली दिसले. त्या वर्षी सरकारची मर्जी फिरली आणि रयत संस्थेचे अनुदान थांबले. लोक पाठीशी राहिले, गाडगेमहाराजांनी शब्द टाकला, आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली निघाले, तेथे मुले कमवून शिकत. आपल्या फलटणचे संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि मुधोजी कॉलेज १९५७ साली निघाले. त्याआधी कॉलेज म्हणजे बाहेरगाव, आणि बाहेरगाव म्हणजे मुलगा. मुलीचा प्रश्नच उद्भवत नसे.

नंतर सरकारने हळूहळू भार उचलला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ साली कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना फीची सवलत मिळाली; जुनी माणसे अजून तिला ई.बी.सी. म्हणतात. अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे पगार सरकार देते, आणि शिक्षणावरचा बहुतेक पैसा पगारातच जातो. तो जावाच, उपाशी मास्तर काय शिकवणार? हा पैसा येतो आपल्याच करांतून. घरी गेल्यावर नगरपरिषदेच्या घरपट्टीची पावती काढून पाहा. त्यात 'शिक्षण कर' अशी एक ओळ असते. १९६२ च्या कायद्याने तो सुरू झाला. मी वीस वर्षे त्या पावत्या डब्यात जपून ठेवल्या, पण ती ओळ वाचली गेल्या वर्षी!

१९६६ साली कोठारी आयोगाने सांगितले, देशाच्या उत्पन्नातले शेकडा सहा शिक्षणावर खर्च करा. या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक आपल्या जवळच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. २०२० च्या नव्या धोरणातही तोच सहाचा आकडा आहे. अजून आपण तेथवर पोहोचलो नाही. मग पैसा कमी पडला की काय करायचे? १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. पुढे २००१ पासून शाळांनाही 'कायम विनाअनुदानित' म्हणून मान्यता देऊ लागले. त्यातला 'कायम' शब्द २००९ साली काढला, आणि २०१६ पासून काही शाळांना वीस टक्क्यांनी अनुदान सुरू झाले. मधली वर्षे तिथल्या शिक्षकांनी कशी काढली, ते त्यांच्या घरच्या बायकांना विचारा. वसंतदादांचा निर्णय मी वाईट म्हणणार नाही. त्यामुळेच सांगली-साताऱ्याची मुले इंजिनिअर होऊ लागली. पण पैसा द्यायची पाळी सरकारवरून घरावर आली, हेही खरे.

आमच्या घरावर ती २०२३ साली आली. मुलीला पुण्याकडच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. नियमाने निम्मी फी माफ होती. कॉलेज म्हणाले, आधी पूर्ण भरा, सरकारकडून आले की परत देऊ. कॉलेजचे नाव घेत नाही, मुलगी तेथेच शिकते आहे. माझ्या दोन पाटल्या सोनेतारणात गेल्या. आमचे हे म्हणाले, "लक्ष्मीबाईंनी दिले तसेच तू दिलेस." मी म्हटले, "तसे कसे? त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी दिले, मी आपल्याच लेकीसाठी दिले. आणि मी त्या सोडवून आणणार आहे!"

८ जुलै २०२४ रोजी शासनाचा निर्णय झाला. ज्या घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणीची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ झाली. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय फेरीतून घेतलेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला तर सवलत नाही. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही ती लागू झाली. आपल्या मंडळात ज्यांच्या मुली बारावीला आहेत, त्यांनी उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रे आताच काढावीत. जूनमध्ये तहसील कचेरीत उभे राहायला जागा नसते. आमची फी सुटली. पण खाणावळ, खोलीचे भाडे, प्रवास हे चालूच. मला पुन्हा वडिलांची बोटे आठवली. रकाने तेच, फक्त आकडे मोठे झाले होते.

आता शेवटचे, आणि माझ्या मते महत्त्वाचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. धाकट्या मुलाच्या प्राथमिक शाळेत निम्म्या भरायच्या म्हणून मलाही घेतले. पहिले वर्ष मी काय केले? चहा प्याले आणि सही केली. दुसऱ्या वर्षी म्हटले, गुरुजी, वही दाखवा. गुरुजी दचकले, पण त्यांनी दाखविली. मनुष्य सरळ आहे.

नियमाप्रमाणे एकतीस ते शंभर मुलांच्या शाळेला वर्षाला पंचवीस हजार रुपये अनुदान. पगार वेगळा. म्हणजे महिन्याला दोन हजार त्र्याऐंशी रुपये. त्यात वीज, खडू, दुरुस्ती, पाणी, झाडू, फिनेल. त्यांपैकी शेकडा दहा स्वच्छतेवर खर्च झाले पाहिजेत, म्हणजे अडीच हजार. आपल्यापैकी कोणी एवढ्यात साठ-सत्तर माणसांचे घर चालवून दाखवावे! त्यात भिंतीवर रंगीत चित्रे काढायला सहा हजार गेले होते. चित्रे छान आहेत. पण मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. मोठ्या मुली मधल्या सुटीत घरी जात आणि काही परत येत नसत. हजेरीपट दाखवायला मला शिकलेले असावे लागले नाही. दुपारच्या रकान्यातले शून्य कोणालाही दिसते. गुरुजी म्हणाले, "बाई, मला कोणी सांगितलेच नाही." मुली त्यांना सांगणार तरी कशा?

कडी दीडशे रुपयांना आली, बसवायचे सुताराने घेतले नाहीत. नळ अजून दुरुस्त व्हायचा आहे. त्यासाठी समितीत मी एकटी ओरडते. आपल्यापैकी नऊ जणींची मुले-नातवंडे या ना त्या सरकारी शाळेत आहेत, हे मी काल वहीत मोजले. त्या नऊ जणींनी आजचा अल्पोपाहार झाल्यावर माझ्याजवळ पाच मिनिटे थांबावे. समितीची निवड केव्हा आहे, अर्ज कोणाकडे द्यायचा आणि वही कोणती मागायची, ते मी कागदावर लिहून आणले आहे. अक्षर वेडेवाकडे आहे, वाचून दाखवीन.