युद्धकाळातील परदेशस्थ कलावंत : इराणी समाजाचा अनुभव





आपल्या वार्षिक मेळाव्यात इराणी कलावंतांचा विषय कशासाठी, असे कार्यक्रमपत्रिका पाहून काही मंडळींनी विचारले. विचारणे रास्तच होते. परंतु मायदेशापासून दूर राहणाऱ्या कोणत्याही समाजापुढे एक प्रसंग कधी ना कधी उभा राहतो. तिकडे संकट कोसळते, इकडे आपण सुखरूप असतो, आणि दूरध्वनी लागत नाही. अशा वेळी आपल्या हातून नेमके काय होऊ शकते? इराणी समाज हा प्रश्न १९८० पासून सोसत आला आहे. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधील अल उदेद तळावर क्षेपणास्त्रे सोडली आणि आखाती देशांनी आपले आकाशमार्ग काही काळ बंद केले, त्या रात्री आपल्यापैकी ज्यांचे भाऊ, मेहुणे, भाचे तिकडे नोकरीस आहेत त्यांना या प्रश्नाचा ओझरता स्पर्श झाला असेल. म्हणून हा विषय परका आहे, असे आम्हांस वाटत नाही.

आणखी एक नाते आहे, ते थोडे विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही. फारसी भाषेतील पहिला बोलपट 'दुख्तर-ए-लोर' तेहरानमध्ये तयार झाला नाही, तो मुंबईत तयार झाला. 'आलमआरा' काढणारे, पुण्यात जन्मलेले अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीत, भारतात आलेल्या अब्दुलहुसेन सेपंता या तरुण इराणी लेखकाच्या साह्याने तो बनला आणि १९३३ साली तेहरानमध्ये झळकला. म्हणजे इराणी बोलपटाचा जन्मच परदेशात झाला, आणि तोही आपल्या मुंबईत. त्यातील नायिका रूहअंगीज हिला मायदेशी इतकी अवहेलना सोसावी लागली की तिने पुढे अभिनय सोडला. पडद्यावर आलेल्या बाईला समाजाने दिलेली ही शिक्षा ऐकताना मलयाळम चित्रपटातील पहिली नायिका, दलित कुटुंबातील पी. के. रोझी हिची आठवण आम्हांस आल्याविना राहिली नाही. तिला तर गावच सोडावे लागले.

आता युद्धाकडे वळू. इराण-इराक युद्ध सप्टेंबर १९८० मध्ये सुरू झाले आणि ऑगस्ट १९८८ मध्ये थांबले. आठ वर्षे! पहिला घाव बसला तो नैऋत्येकडील खुझिस्तान प्रांतावर, खुर्रमशहर आणि आबादान या शहरांवर. आबादान म्हणजे तेलशुद्धीकरणाचे शहर. एके काळी ब्रिटिश तेल कंपनीने तेथे हिंदुस्थानातून आणि ब्रह्मदेशातून मजूर नेले होते. रंगूनकडून आलेल्या मजुरांच्या नावाने ओळखली जाणारी मशीद तेथे आजही दाखवतात. आखातात मजुरीस जाण्याची आपली वाट किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावे.

याच आबादानच्या वेढ्यावर सेपीदेह फारसी या दिग्दर्शिकेने २०२३ साली 'द सायरन' हा चित्रपट काढला. या बाई किशोरवयात तुरुंगात गेल्या होत्या. १९८४ साली त्या पॅरिसला आल्या. वेढ्यात सापडलेले शहर पुन्हा उभे करणार कोठे? जेथे परतता येत नाही तेथे चित्रीकरण कसले? म्हणून त्यांनी तो रेखाचित्रांतून साकारला. चौदा वर्षांचा ओमीद आजोबांसह शहरात मागे राहतो आणि शेवटी एका जुन्या गलबतातून माणसांना बाहेर काढण्याची खटपट करतो. गलबतात कोणाकोणाला घ्यायचे याची त्याच्याजवळ यादी नाही. जो अडकला आहे तो येईल, एवढाच नियम.

या दिग्दर्शिकेचे साधनही पाहण्यासारखे आहे. परवाना मिळत नाही म्हणून २००९ साली त्यांनी तेहरान शहरावरचा एक माहितीपट साध्या मोबाईल फोनवर चित्रित केला होता. प्रायोगिक चित्रपट म्हटले की आपल्या लोकांना वाटते, हे श्रीमंतांचे, न समजणारे खेळ. काही खेळ तसे असतातही. संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतींवर चालणाऱ्या अनेक चित्रफिती आम्हांसही कळल्या नाहीत. परंतु येथे प्रयोग हौसेपोटी झालेला नाही. दार बंद होते, म्हणून खिडकीतून जावे लागले.

२०२४ साली त्यांना गाझामध्ये जायचे होते. प्रवेश मिळाला नाही. तेव्हा त्यांनी गाझातील तरुण छायाचित्रकार फात्मा हस्सूना हिच्याशी फोनवर चित्रसंवाद सुरू केला आणि त्या फोनचा पडदा दुसऱ्या फोनने चित्रित केला. संपर्क तुटतो, चेहरा गोठतो, आवाज अर्ध्यावर थांबतो. ते सारे चित्रपटात तसेच ठेवले आहे. मायदेशी फोन लावून 'हॅलो, हॅलो, ऐकू येतं का' करीत बसलेल्या कोणालाही हे गोठलेले चेहरे निराळे समजावून सांगावे लागत नाहीत. 'पुट युअर सोल ऑन युअर हँड अँड वॉक' हे त्या चित्रपटाचे नाव. कान येथील महोत्सवाच्या काळात भरणाऱ्या एका विभागासाठी त्याची निवड १५ एप्रिल २०२५ रोजी जाहीर झाली; दुसऱ्याच दिवशी इस्रायली हल्ल्यात फात्मा आपल्या घरच्या अनेकांसह मारली गेली. ती २५ वर्षांची होती. इराणी स्त्रीने पॅलेस्टिनी मुलीसाठी हे केले, याची नोंद आपण घ्यावी. आपापल्या लोकांचे दुःख तर सगळेच सांगतात.

त्यानंतर दोन महिन्यांनी युद्ध त्यांच्याच मायदेशी आले. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ला केला, २२ जूनला अमेरिकेने अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, २४ जूनला शस्त्रसंधी झाली. ते बारा दिवस परदेशस्थ इराणी समाजात मोठी फूट पडली. ज्यांनी राज्यकर्त्यांचे तुरुंग पाहिले होते, त्यांतल्या काहींना वाटले, या बॉम्बांनी तरी ती सत्ता जाईल. इतरांनी विचारले, बॉम्ब कोणाच्या डोक्यावर पडणार आहेत? याचे उत्तर २३ जूनला मिळाले. त्या दिवशी तेहरानच्या एविन कारागृहावर हल्ला झाला. राजकीय कैद्यांना डांबण्यासाठी कुप्रसिद्ध असलेले हेच ते कारागृह. मृतांत कैदी होते, कर्मचारी होते आणि कैद्यांना भेटावयास आलेले नातलगही होते. इराणी न्यायखात्याने त्यावेळी ७१ हा आकडा दिला. म्हणजे ज्यांच्या सुटकेसाठी परदेशात निदर्शने होत होती, तेच ढिगाऱ्याखाली सापडले. जुलमी सत्तेचा निषेध करावा आणि बॉम्बचाही करावा, हे दोन्ही एका तोंडाने बोलणे कठीण असते. दोन्ही बाजूंचे लोक रागावतात. तरीही ज्या कलावंतांनी ते बोलण्याचे धैर्य दाखविले, त्यांच्याविषयी आम्हांस आदर वाटतो.

१८ जूनपासून इराणमधील इंटरनेट जवळजवळ पूर्ण बंद पडले. बाहेरून आईला फोन लावला तर पलीकडून भलताच यंत्रासारखा आवाज बोलू लागे, असा अनुभव अनेकांनी वृत्तसंस्थांना सांगितला. यावर परस्पर साह्य ते काय करणार? संपूर्ण अंधारात फारसे काही करता येत नाही, हे खरे. पण अंधार अर्धवट असतो तेव्हा करता येते. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा जीना अमीनी या तरुणीच्या मृत्यूनंतर निदर्शने उसळली आणि सरकारने संकेतस्थळे अडविली, तेव्हा 'स्नोफ्लेक' नावाच्या सोयीचा वापर इराणमध्ये झपाट्याने वाढला. तिची रीत सोपी आहे. दुसऱ्या देशातील कोणीही माणूस आपल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये ती चालू ठेवतो. मग अडविलेल्या देशातील अनोळखी माणूस त्या संगणकातून वाट काढीत बाहेर येतो. कोण आला, हे देणाऱ्याला ठाऊक नसते, आणि घेणाऱ्यालाही दात्याचे नाव कळत नाही. पैसा लागत नाही, पावती फाटत नाही, सत्कार होत नाही. (सत्काराविना मदत म्हटल्यावर आपल्या काही कार्यकर्त्यांची पंचाईत होईल, पण ते असो.)

पैशाची गोष्ट याहून अवघड आहे. अमेरिकेच्या आर्थिक निर्बंधांमुळे तेथील बँका इराणचे नाव दिसताच व्यवहार टाळतात. ऑगस्ट २०१२ मध्ये इराणच्या वायव्य भागात भूकंप झाला, तेव्हा मदत पाठविता यावी म्हणून अमेरिकी सरकारला खास परवानगी काढावी लागली, आणि ती होती अवघ्या ४५ दिवसांची. घरे बांधायला वर्षे लागतात. मग लोक ओळखीपाळखीने, हातोहात, जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर रक्कम धाडतात. गावाकडे कोणाचे मयत झाले की आपल्या फ्लॅटमध्ये ज्या पद्धतीने वर्गणी गोळा होते, तीच ही पद्धत.

मदत आणि चित्रपट एकत्र आले की एक जुना वाद निघतो. कॅमेरा हाती असलेल्याने पाहावे की धावावे? रुखसारेह गायेममगामी या इराणी दिग्दर्शिकेच्या 'सोनिता' या २०१५ च्या माहितीपटात हा वाद पडद्यावरच उभा राहतो. सोनिता अलिजादेह ही अफगाण युद्धातून तेहरानमध्ये आलेली निर्वासित मुलगी. तिला रॅप गाणी म्हणायची आहेत. आई तिला ९ हजार डॉलरला लग्नात देऊ पाहते, कारण भावाच्या लग्नासाठी पैसा हवा आहे. दिग्दर्शिकेने काही महिन्यांची मुदत मिळावी म्हणून आईला २ हजार डॉलर दिले आणि तेही चित्रपटात दाखविले. समीक्षकांपैकी काहींना हे नियमबाह्य वाटले. आमचे मत स्पष्ट आहे. ज्या नियमासाठी मुलगी विकू द्यावी लागते, तो नियम मोडलेलाच बरा.

पण परस्पर साह्य या शब्दातील 'परस्पर' कोण, हा खरा प्रश्न. २०२५ च्या त्याच युद्धानंतर, २४ जून ते ९ जुलै या सोळा दिवसांत पाच लाखांहून अधिक अफगाण लोक इराणमधून मायदेशी परतले. त्यांतील बहुसंख्यांना हाकलून लावले होते. ते हेर आहेत असा संशय पसरविला गेला. वर्षानुवर्षे तेहरानच्या इमारतींच्या विटा वाहणारे हे लोक. इराणी शेजाऱ्यांनी इराणी शेजाऱ्यांना घरात घेतले त्या दिवसांत यांना दार बंद झाले. संकटात कोण आपला आणि कोण बाहेरचा, ही रेघ कशी ओढली जाते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. पाणवठ्यावर ती रेघ आपण पाहिली आहे.

ही रेघ ज्या चित्रपटाने सर्वांत स्वच्छ दाखविली तो परदेशात निर्माण झालेला नाही, पण तो निर्माण करणारी माणसे पुढे परदेशी गेली. बहराम बेझाई यांचा 'बाशू'. युद्ध चालू असतानाच, १९८०च्या दशकाच्या मध्यास तो तयार झाला. राज्यकर्त्यांना तो रुचला नाही आणि युद्ध संपल्यावर १९८९ साली प्रदर्शित झाला. खुझिस्तानातला एक काळा मुलगा, डोळ्यांदेखत घर जळालेले, एका मालमोटारीत लपून उत्तरेकडील हिरव्यागार गीलान प्रांतात पोचतो. त्याची अरबी तेथे कोणाला कळत नाही, त्यांची गीलकी त्याला कळत नाही. नाई नावाची शेतकरी बाई त्याला ठेवून घेते. गावकरी म्हणतात, अशुभ आहे, घाणेरडा आहे, हाकलून दे. आणि ही प्रेमळ नाईसुद्धा त्याला पाण्यात बसवून साबणाने घासते, घासतच राहते, आणि हा गोरा का होत नाही याचे तिला नवल वाटते! हसावे की रडावे कळत नाही. पुढे मुले त्याला मारतात तेव्हा तो खाली पडलेले शाळेचे पुस्तक उचलून मोठ्याने वाचतो, आणि हा आपल्याच देशाचा, हे मुलांना प्रथमच उमगते. नाईची भूमिका करणाऱ्या सुसान तस्लिमी त्याच दशकाच्या अखेरीस स्वीडनला गेल्या; बेझाई २०१० साली अमेरिकेत गेले. बाशूला आसरा देणाऱ्या त्या पडद्यावरच्या आईलाच पुढे दुसऱ्या देशाची भाषा शिकून रंगभूमीवर उभे राहावे लागले.

कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत. पुढील मासिक बैठकीनंतर, भोजनापूर्वी, हा चित्रपट सभागृहात दाखवावा. उपशीर्षके इंग्रजीत आहेत. तेव्हा ज्येष्ठ मंडळींच्या रांगेत प्रत्येकी दोघांमागे महाविद्यालयात जाणारा एक मुलगा किंवा मुलगी बसवावी आणि त्यांनी हळू आवाजात मराठीतून सांगत जावे. लहान मुलांना बाहेर खेळावयास पाठवू नये. त्या साबणाच्या प्रसंगी त्यांनी काही विचारले, तर ज्याच्या शेजारी मूल बसले असेल त्याने उत्तर द्यावे.