हातातून हातात

क्रीडांगणावर एक शर्यत अशी आहे की, तिच्यात सर्वांत वेगवान गडी असलेला संघही पुष्कळदा हरतो, आणि तो पायांमुळे नव्हे, हातांमुळे हरतो. ऑलिम्पिकमधील पुरुषांची चार गुणिले शंभर मीटर रिले शर्यत ती हीच. चार धावपटूंनी पाळीपाळीने शंभर-शंभर मीटर धावावयाचे आणि एक दांडके एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत अखेरच्या रेषेपार न्यावयाचे. या दांडक्याला बॅटन म्हणतात. ती एक पोकळ, गुळगुळीत नळी असते; लांबी २८ ते ३० सेंटिमीटर, वजन किमान ५० ग्रॅम. शाळकरी मुलाच्या दप्तरात सहज मावेल अशी ही वस्तू. पण तिने भल्याभल्यांची चार वर्षांची तपश्चर्या क्षणात धुळीस मिळविली आहे.

प्रथम एक गणित पाहा. शंभर मीटरचा जागतिक विक्रम जमैकाच्या उसेन बोल्टने २००९ साली केला, तो ९.५८ सेकंदांचा. चौघांच्या शर्यतीचा विक्रमही जमैकाचाच. २०१२ साली लंडन येथे ३६.८४ सेकंद. या आकड्यास चाराने भागले तर ९.२१ येतात. मग त्या संघातील चौघेही बोल्टच्या विक्रमाहून वेगाने धावणारे होते की काय? तसे नव्हे. एकट्याने धावणाऱ्याला उभ्या जागेवरून वेग घ्यावा लागतो. रिलेत हे कष्ट पहिल्या गड्यालाच पडतात. उरलेले तिघे दांडके हाती येण्यापूर्वीच धावू लागलेले असतात.

आणि सारी मेख येथेच आहे. दांडके देण्याघेण्यासाठी धावपट्टीवर हद्द आखलेली असते. पूर्वी ती २० मीटरांची होती आणि तिच्या मागे वेग घेण्यासाठी १० मीटर मिळत. अलीकडच्या नियमाने दोन्ही मिळून ३० मीटरांची एकच हद्द झाली आहे. घेणारा आपल्या मागे पट्टीवर एक खूण करून ठेवतो. देणारा त्या खुणेवर पोहोचला की हा सुटतो. मग मागे वळून पाहावयाचे नाही. सोबत्याची हाक कानी पडताच हात मागे करावयाचा आणि दांडके हातात पडेल असा भरवसा धरावयाचा. दोघांचा वेग जुळला तर दांडके क्षणभरही मंदावत नाही. खूण पावलाभराने चुकली तर दोघे एकमेकांवर आदळतात, नाही तर घेणारा हद्दीबाहेर निघून जातो.

ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये प्रथम १९१२ साली स्टॉकहोम येथे झाली. त्याच वेळी अमेरिकेचा संघ उपांत्य फेरीत आणि जर्मनीचा अंतिम फेरीत दांडके देण्यातील चुकीपायी बाद ठरला, आणि सुवर्णपदक ब्रिटनला मिळाले. १९६० साली रोम येथे अमेरिकेचा फ्रँक बड जवळ येण्याआधीच त्याचा सोबती रे नॉर्टन उतावीळपणे सुटला. त्यांचे दांडके हद्दीबाहेर दिले गेले. शेवटच्या रेषेवर अमेरिका पुढे होती, पण पदक गेले जर्मनीला. २०१६ साली रिओ येथे आणि २०२४ साली पॅरिस येथेही अमेरिकेचे चौघे पहिल्याच बदलात चुकले आणि बाद झाले. वेगवान माणसांची त्या देशात कधीच वाण नव्हती. तरी २००० सालच्या सिडनीनंतर पॅरिसपर्यंत तेथील पुरुषांना या शर्यतीचे ऑलिम्पिक सुवर्णपदक लाभले नाही.

आपल्याकडचे उदाहरणही फार दूरचे नाही. १९५१ साली नवी दिल्लीत पहिले आशियाई खेळ भरले. १०० आणि २०० मीटर, या दोन्ही शर्यती आपल्या लेव्ही पिंटो यांनी जिंकल्या. चौघांची शर्यत मात्र जपानने जिंकली आणि भारत दुसरा आला.

जपानचे नाव निघाले, तेव्हा रिओची कथा सांगितलीच पाहिजे. १९ ऑगस्ट २०१६ रोजी जपानतर्फे यामागाता, इइझुका, किर्यु आणि केंब्रिज असे चौघे उतरले. शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत धावलेला त्यांच्यात तोपर्यंत एकही नव्हता. पण त्यांचा संघ वर्षानुवर्षे देण्याघेण्याचाच अभ्यास करीत आला होता. बहुतेक संघांत घेणारा हात मागे उंच ताणतो. जपानी घेणारा हात खालीच ठेवतो आणि देणारा दांडके खालून वर सरकवितो. त्यामुळे दोघांना एकमेकांच्या अधिक जवळ यावे लागते. पण धावण्याची ढब मोडत नाही. अखेरच्या बदलाच्या वेळी हा संघ जमैकाच्या जवळजवळ बरोबरीने होता. पुढे बोल्टने आपले अंतर वाढविले आणि जमैका ३७.२७ सेकंदांत जिंकला, पण ३७.६० सेकंदांत जपान दुसरा आला.

तथापि अभ्यास म्हणजे यशाची हमी नव्हे. २०२१ साली टोकियोत, स्वतःच्या भूमीवर, याच जपानचे दांडके अंतिम फेरीत पहिल्याकडून दुसऱ्याकडे पोहोचलेच नाही. तिसरा आणि चौथा धावपटू आपापल्या जागी तयार उभे होते. त्यांना धावावयास मिळालेच नाही. त्यांचा दोष कोणता? कोणताच नाही. पण या शर्यतीत यश चौघांचे असते, तसे अपयशही चौघांचे असते.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली, श्रोतेहो, आणि खरे सांगावयाचे तर तेवढ्यासाठीच मी आज हा विषय घेतला.

मी शाळामास्तर आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत तालुक्याच्या स्पर्धेसाठी मी आमच्या शाळेतील सर्वांत वेगवान चार मुले निवडली आणि निश्चिंत झालो. दांडके देण्याचा सराव एक दिवसही घेतला नाही. पट्टीवर खूण करावयाची असते, हे मला ठाऊकही नव्हते. तिसऱ्या मुलापर्यंत आम्ही पुढे होतो. चौथा, आमचा सर्वांत चपळ मुलगा, लोकांच्या आरोळ्या ऐकून आधीच सुटला, गोंधळला, थांबून मागे वळला, आणि दांडके दोघांच्या हातांमधून मातीत पडले. मी सर्वांसमक्ष त्या चौथ्या मुलाला बोल लावला. "एवढेसे काम तुला जमू नये?" हे माझे शब्द मला अजून आठवतात. तो काही बोलला नाही. त्यानंतर तो मैदानावर कधी आला नाही, आणि वर्ष संपल्यावर शाळा सोडून गेला.

आता मी मुलांचा सराव पाऊस उघडला की सुरू करतो. निम्मा वेळ धावण्याला, निम्मा देण्याघेण्याला. चुन्याची खूण ज्याची त्याने स्वतः पावले मोजून करावयाची. आणि एक नियम मी घातला आहे: दांडके पडले तर देणारा आणि घेणारा, दोघांनी मिळून माझ्याकडे यावयाचे. एकट्याने आलेल्याचे म्हणणे मी ऐकून घेत नाही. बहुधा तेथपर्यंत चालत येताना दोघांनाच आपली चूक उमगते, आणि मला काही सांगावयाचे उरत नाही.

तो मुलगा आज तिशीच्या आसपासचा गृहस्थ झाला असेल. कोठे असतो, मला माहीत नाही. कदाचित त्याच्या घरी या वेळी रेडिओ चालू असेल. तसे असेल तर त्याला एवढेच सांगावयाचे आहे की, बाळ, त्या दिवशी दांडके तुझ्या एकट्याच्या हातून पडले नव्हते. तुमच्या चौघांच्या मागे आणखी एक जण उभा होता. ज्याने तुम्हांला शिकवावयाचे, त्यानेच शिकविले नव्हते. ती चूक माझी होती.