चिंचोक्यांचा लिलाव

मी सोनईहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात, आणि हप्त्याची आठवण करायला फोन करणारी ती हीच, हेही ओळखतात. आज हप्त्याचं बोलायचं नाही असं ठरवून आलेय. पण ते मधे येणारच, त्याला इलाज नाही.

लहानपणी आपण भिडू कसे वाटून घ्यायचो, आठवतंय का? दोघी कप्तान व्हायच्या. बाकीच्या जोडीजोडीनं लांब जाऊन गुपचूप नावं ठेवून यायच्या, मग विचारायचं, आंबा पाहिजे का चिंच? पण घाई असली की कप्तान सरळ एकेकीचं नाव घेऊन मागायच्या. आणि पहिली कोण मागितली जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत असायचं. जोरात पळणारी! मी कायम शेवटून दुसरी.

हाच भिडूंचा खेळ मोठी माणसंही खेळतात. अमेरिकेत बेसबॉल म्हणून बॅट-बॉलचा खेळ आहे. तिथं 1980 साली न्यूयॉर्कच्या काही मित्रांनी ठरवलं, की खरे खेळाडू आपण कागदावर वाटून घ्यायचे, आपापले संघ करायचे, आणि खऱ्या सामन्यात ते जसे खेळतील तसे गुण मोजायचे. ज्या हॉटेलात जेवायला जमायचे, त्याचंच नाव त्या खेळाला पडलं. त्यात सगळ्यात जास्त गंमत असते वाटणीच्या आधी. पहिला कोण उचलला जाईल, दुसरा कोण, याचे अंदाज बांधण्यात.

आता आपल्याकडचं सांगते. 2 नोव्हेंबर 2025 ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमच्या गल्लीत बारापर्यंत टीव्ही चालू होते. त्याच महिन्यात, 27 तारखेला, महिला प्रीमियर लीगचा मोठा लिलाव दिल्लीला होणार होता. पेपरात खेळाडूंची यादी आली. माझ्या मनात आलं, आपणही गटात हा लिलाव आधी खेळून बघावा. पाच जणी, पाच संघ. पैशाचं नाव नाही, चिंचोके घ्यायचे. दहा लाखाचा एक चिंचोका.

बैठकीत विषय काढला आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. अध्यक्ष काकू म्हणाल्या, "ताई, तोच नाद पुन्हा घरात आणायचा का?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्या गटातल्या एका काकूंनी शेळ्यांसाठी तीस हजारांचं कर्ज घेतलं होतं. (त्यांना विचारूनच सांगतेय. नाव तेवढं सांगू नको म्हणाल्या.) त्यातले बारा हजार त्यांच्या मुलानं मोबाइलवर संघ लावण्याच्या खेळात घालवले. तीन हप्ते थकले. गटात कोणी तोंडावर बोललं नाही, पण त्या येऊन बसल्या की शेजारची थोडी सरकून बसायची. ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायचे असले ऑनलाइन खेळ बंद केले. आमच्या काकूंचे बारा हजार त्याच्या आधीच गेले होते.

त्याच काकू कोपऱ्यातून म्हणाल्या, "खेळू द्या. त्यात असतं तरी काय, ते मला बघायचंय."

मग लिलावाच्या आधीच्या रविवारी आम्ही बसलो. एका आजींनी वर्षभराच्या चिंचेचे चिंचोके गाडग्यातून आणले. कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीनं प्रत्येक संघाकडे खरे किती पैसे उरलेत ते पेपरातून वाचून दाखवलं. प्रत्येकाला पंधरा कोटींची मुभा, पण काही संघांनी जुन्या खेळाडू राखून ठेवलेल्या, त्यांचे पैसे त्यातून वजा. आपली सांगलीची स्मृती मानधना बंगळूरुनं साडेतीन कोटींना राखली, म्हणून ती लिलावात नव्हतीच. वजाबाकी करून यूपीकडे साडेचौदा कोटी, गुजरातकडे नऊ, बंगळूरुकडे सहा कोटी पंधरा लाख, मुंबईकडे पावणेसहा, दिल्लीकडे पाच कोटी सत्तर लाख. मुंबईला साडेसत्तावन्न चिंचोके येतात म्हटल्यावर आजींनी अडकित्त्यानं एक फोडून दिला. मुंबई माझ्याकडे होती.

खेळायच्या आधी प्रत्येकीनं चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची होती. यादीत वर जी आठ मोठी नावं आहेत, त्यात सगळ्यात महाग कोण जाईल, दुसरी कोण, आणि कोणाला कोणीच घेणार नाही. दीप्ती शर्मा पहिली, हे सगळ्यांनीच लिहिलं. विश्वचषकात 22 बळी घेतलेली मुलगी, ती कोण सोडेल? दुसरं नाव मी लॉरा वोल्वार्टचं लिहिलं. दक्षिण आफ्रिकेची कप्तान, विश्वचषकात सगळ्यात जास्त धावा तिच्या, 571. ऑस्ट्रेलियाची अलिसा हीली तर काय, आपल्याच गोलंदाजांना तिनं 142 धावा ठोकल्या होत्या. ती पडून राहील असं एकीनंही लिहिलं नाही.

त्या काकूंची चिठ्ठी मात्र वेगळी होती. दीप्तीच्या खाली त्यांनी खेळाडूचं नावच लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, "यूपी जिच्यावर हात ठेवील ती महाग जाईल."

सगळ्या हसल्या. काकूंनी शांतपणे समजावून सांगितलं. "संघात कमीत कमी पंधरा जणी लागतात ना? यूपीनं एकच राखलीय. म्हणजे चौदा जणी घ्यायच्यात, चिंचोके एकशे पंचेचाळीस. माणशी दहाच्या वर पडले. दिल्लीनं पाच राखल्यात, दहा घ्यायच्यात, चिंचोके सत्तावन्न. माणशी साडेपाच-सहा. तुम्ही बाई किती गुणाची ते बघताय. घेणाऱ्याच्या घरात खाणारी तोंडं किती आन् कणगीत किती, ते बघा की!"

मी बी.ए. झालेय, आणि हे मला सुचलं नव्हतं.

खेळात माझी तर फजितीच झाली. दीप्तीसाठी मी हट्टानं एक्केचाळीस चिंचोके मोजले. उरले साडेसोळा, आणि घ्यायच्या अजून नऊ जणी! मग मी एकेका चिंचोक्याला मिळेल ती घेत बसले. आजी म्हणाल्या, "सून आणली थाटात, आन् पंगतीला पत्रावळी नाहीत."

गुरुवारी खरा लिलाव आम्ही मोबाइलवर बघितला. लिलाव पुकारायला मल्लिका सागर, मुंबईची बाई. घोडेगावच्या कांद्याच्या लिलावात आम्ही पुकारणारे बाप्येच बघितलेले, त्यामुळे दहा मिनिटं सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. पहिलंच नाव अलिसा हीली. एकही हात वर झाला नाही. आमच्या खोलीत सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

मग दीप्ती. तिच्यावर दिल्लीनं पन्नास लाख बोलले, आणि पुढं कोणी बोलेनाच! आम्हाला वाटलं गेली पाण्याच्या भावात. पण जुन्या संघाला तिथं एक हक्क असतो. भावकीत जमीन विकताना आधी भावाला विचारतात ना, तसा. दुसऱ्यानं लावलेला भाव देऊन आपली खेळाडू परत घेता येते, फक्त त्या दुसऱ्याला शेवटचा एक आकडा वाढवायला मिळतो. यूपीनं हक्क सांगितला. दिल्लीनं पन्नास लाखांवरून एकदम तीन कोटी वीस लाख केले. यूपीनं तेवढे मोजले. त्यांना ते परवडत होतं, माणशी दहा चिंचोके होते ना!

माझी लॉरा गेली एक कोटी दहा लाखांना. यूपीनं मेग लॅनिंगला एक कोटी नव्वद लाख दिले. आणि शिखा पांडे, गोव्याकडून खेळलेली, हवाई दलात अधिकारी असलेली, छत्तीस वर्षांची, ती आमच्या कुठल्याच चिठ्ठीत नव्हती. तिला दोन कोटी चाळीस लाख! कोणी दिले? यूपीनंच. खऱ्या मुंबईनंही अमेलिया कर या एकटीवर तीन कोटी घातले, पावणेसहातले. ते बघून मला जरा बरं वाटलं.

काकूंचा अंदाज अगदी शंभर टक्के बरोबर आला असं नाही. दुसरी महाग अमेलियाच ठरली, आणि ती मुंबईकडे गेली. पण त्या जितक्या जवळ गेल्या तितकं कोणीच गेलं नाही. चिठ्ठ्या वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, ह्यात तर नुसता हिशोब आहे. माझ्या पोरालाबी हिशोब येतो. मग पैसे गेले कसे?"

मी म्हटलं, काकू, भिशीत आपण बारा जणी पैसे टाकतो, ते फिरून आपल्या बारा जणींकडेच येतात. त्या मोबाइलच्या खेळात हजारो जण टाकतात, कंपनी आपला वाटा आधी काढून घेते, आणि उरलेलं वरच्या मूठभर जणांत वाटलं जातं. तुमचा मुलगा हुशार असला तरी समोर हजारो हुशार बसलेले. त्या बराच वेळ हातातले चिंचोके मोजत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे त्याला खेळ येत नव्हता असं नाही."

हे त्यांना ऐकायचं होतं बहुतेक. गेले सहा महिने घरात त्या मुलाशी धड बोलत नव्हत्या.

थकलेल्या तीन हप्त्यांपैकी दोन आता भरलेत. तिसऱ्याची मी आठवण केलेली नाही, अध्यक्ष काकूंनीच 'राहू दे पंधरा दिवस' असं सांगितलंय. मागच्या बैठकीला तो मुलगा आईला घ्यायला मोटारसायकलवर आला होता. बाहेर ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, म्हणून आत येऊन थांबला. आम्ही पुढच्या खेळाची यादी करत होतो. थोडा वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मला घेता का एक संघ?"

आजींनी गाडग्यावर हात ठेवला. "घेऊ की. पण चिंचोके घरून आण बाबा, उसने मिळायचे नाहीत."