फटफटीवरून पांच नद्या



शहरांत वाढणाऱ्या मुलाला नद्यांचीं नांवें विचारलीं, तर तें भूगोलाच्या पुस्तकांतील यादी म्हणून दाखवितें. आणि पाणी कोठून येतें असें विचारलें, तर नळाकडे बोट करतें. हीं दोन्ही उत्तरें एकमेकांस कधीं भेटतच नाहींत. त्यांची भेट घडवून आणणारी एक वाट मला सांपडली आहे. ती पुण्याहून जुन्नरमार्गें नाणेघाटास जाते. सुमारें १२० किलोमीटरची ही वाट मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी वर्षांतून दोनतीनदां मोटारसायकलीनें, माझ्या आईच्या भाषेंत सांगायचें तर फटफटीनें, चालून येतों.

प्रथम आक्षेपाविषयीं बोलूं. 'पोरीला न्यायचें तर एस्. टी. नाहीं का?' असें माझी आई दर खेपेस विचारते, आणि तिची भीति अनाठायीं नाहीं. २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत दगावलीं. त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. म्हणून आमच्या घरीं कांहीं नियम ठरलेले आहेत. मुलीचे पाय मागच्या पायट्यांवर नीट टेकूं लागेपर्यंत तिला लांब नेलें नाहीं. तिचें हेल्मेट तिच्याच मापाचें आहे. मोठ्या माणसाचें हेल्मेट लहान डोक्यावर फिरतें आणि ऐन वेळीं निसटतें. चार वर्षांवरील प्रत्येकास तें घालणें कायद्यानें बंधनकारक आहेच. त्याहून लहान मुलांसाठीं १५ फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेटबरोबर अंगाभोंवतीं पट्टा आणि गाडीला ताशीं ४० किलोमीटरची वेगमर्यादा घालून दिली आहे. आमची मुलगी दहा वर्षांची झाली, तरी आमचा वेग त्यापुढें फारसा गेलेला नाहीं. दर तासाला थांबावयाचें, दिवेलागणीनंतर गाडी चालवावयाची नाहीं, आणि तिनें पाठीवर दोन थापा मारल्या कीं कारण न विचारतां गाडी कडेला घ्यावयाची. या शेवटच्या नियमानें आम्हां दोघांस पुष्कळ कांहीं दाखविलें आहे.

मोटारीच्या कांचेआडून नदी नुसती दिसते. दुचाकीवर ती आधीं अंगाला लागते. पूल यावयाच्या अगोदरच हवेंत गारवा येतो, ओल्या मातीचा वास येतो, आणि मागून हांक येते, 'बाबा, नदी आली!' मोशीजवळ इंद्रायणी, राजगुरुनगरला भीमा, कळंबजवळ घोड, नारायणगांवास मीना आणि जुन्नरला कुकडी, अशा पांच नद्या मुलीनें अंगावरच्या वाऱ्यानें ओळखल्या आहेत. इतर चौघींचें पाणी अखेर भीमेंतच जातें. पुण्याची मुळामुठाहि तिलाच मिळते, आणि भीमा कृष्णेला. हें पुस्तकांत होतेंच. परंतु पांच पूल ओलांडल्यावर तें तिला खरें वाटूं लागलें.

नारायणगांवाहून आंत वळलें कीं खोडद येथें रेडिओ-दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, तारांच्या जाळीच्या ३० प्रचंड पराती त्या मुलखांत आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. माझें हें बोलणें ज्या जातीच्या लहरींवरून आपणांपर्यंत येत आहे, त्याच जातीच्या, पण आकाशगंगेच्याहि पलीकडून आलेल्या लहरी त्या टिपतात. त्या इतक्या क्षीण असतात कीं दुर्बिणीजवळ मोबाइल फोन बंद ठेवावा लागतो. 'म्हणजे दूरचें ऐकायचें तर जवळच्यांनीं गप्प बसायचें!' असा मुलीनें त्याचा अर्थ लावला. त्यांत दुरुस्ती करावी असें मला वाटलें नाहीं.

गेल्या माघांत नारायणगांव सोडल्यावर पाठीवर दोन थापा पडल्या. रस्त्याच्या कडेला ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या होत्या. एका कोपीपुढें माझ्या मुलीच्याच वयाची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. आईबाप पहांटेपासून फडांत होते. दोघींचें बोलणें झालें. गांव बीड जिल्ह्यांतलें, इयत्ता चौथी. 'पण दिवाळीपासून गेले न्हाई.' त्यानंतर जुन्नर येईपर्यंत माझ्या मागें अगदीं शांतता होती. चहाला थांबलों तेव्हां तिनें विचारलें, 'तिची परीक्षा कोण घेणार?' अशा मुलांसाठीं साखरशाळा निघाल्या, वसतिगृहें निघालीं, हें मीं तिला सांगितलें. ती म्हणाली, 'पण ती तर तिथेंच उभी होती.' यावर मजजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. मात्र घरांत साखरेचा डबा उघडतांना ती मुलगी आतां आम्हां दोघांसहि आठवते.

जुन्नरहून चावंडच्या पायथ्याजवळून घाटघर गांठलें कीं नाणेघाट येतो. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहनांच्या काळीं कोंकणांतील बंदरांचा माल याच घाटानें वर चढत असे. तेथील लेण्याच्या भिंतींवर राणी नागनिकेच्या नांवाशीं जोडलेला ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे आणि नाणीं यांच्या संख्या त्यांत अंकांनीं लिहिल्या आहेत, आणि भारतांतील अंकलेखनाच्या फार जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. राजाराणीच्या मूर्ति तेथें होत्या. आतां वर नांवें आणि खालीं पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. घाटमाथ्यावर मुलीनें बाटलींतलें पाणी थोडें पूर्वेस ओतलें, थोडें पश्चिमेस. एक वाटा कुकडींतून बंगालच्या उपसागरास जाणार, दुसरा कोंकण उतरून अरबी समुद्रास! पावसाळ्यांत येथें वारा धबधब्याचें पाणी उलट वर उधळतो आणि तें पाहावयास गर्दी लोटते. परंतु मागें मूल असतां धुक्याच्या, निसरड्या वाटेनें मी जात नाहीं. आमचे दिवस मार्गशीर्ष ते माघ.

आणखी तीनचार वर्षांनीं तिला तिच्या मैत्रिणी असतील, परीक्षा असतील, आणि बापाच्या पाठीमागें बसण्याचें वय सरलेलें असेल. अठरावें सरल्यावर ती स्वतःची गाडी चालवील. त्या वेळीं तिनें कोणत्या वाटेनें जावें हें मी सांगणार नाहीं. वाटेंत कोणासाठीं थांबावें एवढें तिला ठाऊक असावें.

आपणांपैकीं ज्यांच्या घरीं असें एखादें मूल आहे, त्यांना नाणेघाटच गांठला पाहिजे असें नाहीं. आपल्या गांवाबाहेरची कोणतीहि एक नदी निवडा आणि तिच्या कांठाकांठानें सावकाश जा. फक्त हेल्मेट आधीं घ्या; नकाशा मागाहून पाहतां येईल.