संगणकाला दृष्टी देणारी चिकाटी
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. संगणकावर मी बोलणार याचे काहींना नवल वाटेल. पण आज सत्कार झालेल्यांपैकी काहींना परदेशी जाऊन पीएच. डी. करायची आहे. त्यांच्यासाठी एका संशोधक स्त्रीची वाटचाल सांगतो.

फेइ-फेइ ली यांचा जन्म १९७६ साली चीनमध्ये झाला. १९९२ मध्ये त्या आईबरोबर वडिलांकडे अमेरिकेत आल्या, तेव्हा त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते. पुढे आईवडिलांनी कपडे ड्रायक्लीन करण्याचे दुकान घेतले. शिष्यवृत्तीवर प्रिन्स्टन विद्यापीठात शिकताना त्या सुटीला घरी येऊन दुकान सांभाळीत. १९९९ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि २००५ मध्ये कॅल्टेक या संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीची पीएच. डी. विषय होता संगणकाची दृष्टी, म्हणजे छायाचित्रात काय आहे हे यंत्राला ओळखायला शिकवणे. त्यांचे एक मार्गदर्शक पिएत्रो पेरोना हे जितेंद्र मलिक यांचे विद्यार्थी, आणि मलिक आपल्या कानपूरच्या आयआयटीत शिकलेले.

लहान मूल हजारो वस्तू पाहून शिकते. मग यंत्राला मोजकीच चित्रे दाखवून कसे चालेल? या विचाराने २००७ मध्ये ली यांनी चित्रे जमवून प्रत्येकाला नाव देण्याचे काम हाती घेतले. पुष्कळांना ते संशोधन न वाटता हमाली वाटली. जिया डेंग या पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांना साथ दिली, आणि जगभरच्या हजारो माणसांकडून चित्रे तपासून घेतली गेली. 'इमेजनेट' नावाच्या या संग्रहात पुढे १ कोटी ४० लाखांहून अधिक चित्रे झाली. २००९ मध्ये तो मांडला तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. त्यातील निवडक चित्रांवर स्पर्धा होऊ लागली. २०११ मध्ये विजेत्याच्या शंभरात सुमारे २६ चुका होत्या. २०१२ मध्ये टोरांटोच्या चमूने त्या सुमारे १५ वर आणल्या. तेव्हापासून या शास्त्राला वेग आला.

बँकेत एकेक व्हाउचर तपासावे तेव्हा ताळा जुळतो. म्हणून या कामाचे मोल मला कळते. मुलांनो, झगमगणारा विषय शोधू नका. ज्या प्रश्नासाठी कंटाळवाणे कामही आनंदाने कराल, तो प्रश्न शोधा.

पालकांनाही एक सांगणे आहे. परदेशी शिक्षण म्हणजे घर गहाण, अशी समजूत घेऊन पालक कर्जाच्या टेबलाशी येतात. अमेरिकेत एम. एस.चा खर्च बहुधा स्वतःलाच करावा लागतो. पीएच. डी.साठी मात्र बहुतेक मोठी विद्यापीठे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याची फी भरतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल निर्वाहापुरते पैसेही देतात. अनेक ठिकाणी बी. ई. नंतर थेट अर्ज करता येतो. तेव्हा कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी प्रवेशाचे पत्र नीट वाचा, आणि केवळ पैशाच्या भीतीने मुलीला किंवा मुलाला अडवू नका.